बारा यंत्रांची नावं

४ सप्टेंबर, सोमवार

एखाद्याला दुसऱ्याचं नाव दिलं, आणि त्याने त्या नावाचं काम चोख केलं, तर ते खोटं झालं का? दुपारपासून हेच चाललंय डोक्यात. 

झालं असं – अड्यारहून एक मुलगी आली, आर्किटेक्चर शिकणारी. कॉम्प्युटर रिक्षात घालून आणलेला. तिचं घरांचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर तिचं ग्राफिक्स कार्ड घेईना. "हे आमच्या यादीत नाही" एवढं म्हणायचं आणि बंद पडायचं. कार्ड तर उत्तम. यादीतल्या कार्डाचं सख्खं भावंड, ताकद तीच, फक्त नाव वेगळं. रिची स्ट्रीटवरच्या, म्हणजे आमच्याच कॉम्प्युटरच्या गल्लीतल्या, दोन दुकानांनी तिला नवं घे म्हणून सांगितलं होतं. ऐकून माझं डोकंच फिरलं.

कॉम्प्युटर सुरू होताना कार्डाला विचारतो, तू कोण? कार्ड एक नंबर सांगतं. मग तो आपल्याजवळच्या यादीत बघतो, या नंबरापुढे काय नाव आहे, आणि त्या नावाने कार्डाला ओळखतो. मी ती यादी उघडली. नंबरापुढचं नाव काढून भावंडाचं लिहिलं. मुलगी स्टूल ओढून शेजारीच बसली होती. "आता काय करतेस? आणि आता?" – मी सांगत होते, ती बघत होती. पुन्हा सुरू केला. सॉफ्टवेअर मुकाट्याने चालू झालं.

मीरान भाई (आमचे जुने मेकॅनिक, तीस वर्षं सोल्डरिंगचे डाग देताहेत) म्हणाले, "मलर, तू आता बारशीही करायला लागलीस? अय्यर भटजीच्या पोटावर पाय दिलास की गं."

अय्यादुरै अण्णा (दुकान त्यांचं) मात्र हसले नाहीत. खुर्ची फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "इंजिनिअर अम्मा, हे कुठल्याही कार्डाला होतं?"

"नाव कुठलंही देता येतं, अण्णा."

५ सप्टेंबर, मंगळवार

आज तीन जण आले. "नाव बदलून देणारी मुलगी इथेच बसते का?" तिघांनाही परत पाठवलं. त्यांची कार्डं खरंच दुबळी होती. नाव बदलून ताकद येत नाही, हे पटवून देताना घसा बसला.

७ सप्टेंबर, गुरुवार

कोयंबतूरहून सबापती आसारी आले. सोनार. पासष्टीचे असतील. पांढरी वेष्टी नेसलेले, डोळ्याला लावायचं भिंग गळ्यात दोऱ्याने बांधलेलं. ते तिथेच विसरून राहिलं असावं.

अण्णांना म्हणाले, "साच्यातले दागिने आले आणि आमच्या हातचं काम गेलं. आता डिझाईन कॉम्प्युटरवर काढतात आणि यंत्र मेणात कोरतं. असू दे. भांडून काय होणार? आमची पोरं त्या कॉम्प्युटरवर बसली की झालं."

त्यांच्या गल्लीतल्या सात घरांनी मिळून वर्ग काढायचं ठरवलंय. चौदा मुलं, त्यातल्या नऊ मुली! यंत्रं बारा हवीत. विजयादशमीला, सकाळी साडेदहाच्या मुहूर्तावर, पहिलं यंत्र इथे दुकानातच सुरू करायचं, मग सगळी लॉरीत घालून न्यायची. पुतण्याने चिठ्ठी दिलेली – कोणतं कार्ड ते. "१०५०" असा आकडा. "सुरू केल्यावर पडद्यावर हे नाव दिसलं पाहिजे म्हणालाय," आसारी म्हणाले. चिठ्ठी घडी घालून परत ठेवली.

निघताना त्यांनी अण्णांच्या अंगठीकडे बघितलं. "बाविसाची म्हणून घेतली का?" कमरेच्या पिशवीतून काळा दगड काढला, अंगठी घासली, उजेडात धरलं. "विसाची आहे."

अण्णांचं तोंड बघण्यासारखं झालं. मीरान भाई खोकायचं नाटक करत मागच्या खोलीत गेले.

आसारी मला म्हणाले, "येतो अम्मणी. यंत्रं तुम्हीच तपासणार ना? मग मला काळजी नाही." त्यांच्या बाजूची माणसं लहान मुलीलाही अहोजाहो करतात. दिवसभर बरं वाटत होतं.

११ सप्टेंबर, सोमवार

कार्डं नाहीत. कुठेच नाहीत. कॉम्प्युटरवर आभासी नाणी काढणारे लोक शेकड्याने उचलताहेत. घाऊकवाल्याने अण्णांना सांगितलं, "दिवाळीनंतर बघू. तेही बघूच." अण्णांनी सहा फोन केले. प्रत्येक फोननंतर आवाज एकेक पट्टी खाली.

संध्याकाळी मला बोलावलं. माळ्यावर एका बंद पडलेल्या गेम पार्लरची कार्डं पडली आहेत. सात-आठ वर्षं जुनी. त्यातली बारा पुसून घ्यायची. "तू त्या मुलीला केलंस ना, तेच करायचं."

"ते वेगळं होतं, अण्णा."

"काय वेगळं? सांग."

  माझ्याच प्रश्नाने मला अडवलं.

"सहा महिने," अण्णा म्हणाले. "नवी आली की मी स्वतः कोयंबतूरला जाऊन बदलून देईन. शब्द देतो. मुहूर्त चुकला तर ते दुसरीकडे जातील आणि दुसरा त्यांना याहून भंगार देईल. मी निदान सांभाळून घेईन." मग थोडं थांबून – "अकरा कंपन्यांनी तुला परत पाठवलं. इंग्रजीत अडखळतेस म्हणून. मी विचारलं होतं इंग्रजी?"

नव्हतं विचारलं. उलट दुकानाच्या दर्शनी भागात मला खुर्ची दिली. प्रत्येक यंत्रावर चिकटवायला पट्ट्या छापून घेतल्या – 'तपासणी : मलरकोडी, बी. ई.' मला 'इंजिनिअर' म्हणणारा पहिला माणूस हा. कॉलेजातही कुणी म्हटलं नव्हतं.

उद्या सांगते म्हणाले. हॉस्टेलवर जाताना बसमधून दोन थांबे आधीच उतरले आणि चालत राहिले.

१३ सप्टेंबर, बुधवार

केलं. बाराही.

पहिल्याला वीस मिनिटं लागली. तिसऱ्यापासून हात आपोआप चालायला लागले. बाराव्या वेळी मी गुणगुणत होते! ते लक्षात आल्यावर गप्प झाले. आता बाराही यंत्रं बेधडक सांगतात – मी १०५०. पट्ट्याही चिकटवल्या. पट्ट्या सरळ रेषेत याव्यात म्हणून पट्टीने मोजून.

१६ सप्टेंबर, शनिवार

आज मुद्दाम नीट तपासलं. दागिन्यांचं सॉफ्टवेअर घातलं, त्यातला एक खड्यांचा हार उघडला आणि प्रकाश-सावलीसकट चित्र तयार करायला लावलं. अर्धा तास सुरळीत. मग एकाचा पडदा राखाडी झाला. मग दुसऱ्याचा. दुपारपर्यंत बारातली सात गारद. जी टिकली तीही इतकी तापली की झाकणावर हात ठेववेना.

अण्णांना नेऊन दाखवलं.

"शिकणारी पोरं आहेत," ते म्हणाले. "साधी अंगठी काढतील, कानातलं काढतील. एकदम हार कशाला काढतात?"

"महिन्याभरात काढतील, अण्णा. त्यासाठीच शिकताहेत."

"महिन्याभरात ना? मग महिन्यानंतर बघू. पंखे जास्तीचे लाव."

पंखे लावले. आता सातऐवजी पाच बंद पडतात.

१७ सप्टेंबर, रविवार

अप्पांचा फोन. मरक्काणमच्या मिठागरांचा हंगाम आता संपत आलाय, पंधरा दिवसांत काम थांबेल. टाचांना भेगा पडल्या आहेत, तेल लावतो म्हणाले. म्हणजे लावत नाहीत. माझं ते सर्टिफिकेट – घरात याआधी कुणीही पदवीधर नाही असा तहसीलदाराचा दाखला, ज्यावर माझी फी माफ झाली – खारी हवा लागू नये म्हणून अजून तांदळाच्या डब्यात ठेवलंय म्हणे. "आता त्याचं काय काम, अप्पा?" तर म्हणाले, "असू दे. जागा खात नाही."

मग म्हणाले, "मुकादमाला मी सांगितलं. माझ्या मुलीने तपासल्याशिवाय त्या दुकानातून काही बाहेर पडत नाही."

मी म्हटलं, रेंज जातेय. फोन ठेवला. रेंज चांगली होती.

२० सप्टेंबर, बुधवार

आसारी बघायला आले. सोबत कुणी नाही. पुतण्याला सुट्टी मिळाली नाही. सगळा भार चिठ्ठीवर.

अण्णांनी पहिलं यंत्र सुरू केलं, कार्डाचं नाव पडद्यावर मोठं करून ठेवलं आणि चहा सांगायला बाहेर गेले. चहा सांगायला! फोन खिशात होता त्यांच्या.

आसारींनी चिठ्ठी उलगडली. पडद्याकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं. अक्षरं इंग्रजी. मग माझ्याकडे वळले. "अम्मणी, सोनं असतं तर घासून बघितलं असतं. इथे काय घासणार? तुम्ही सांगा. हेच ना?"

मी म्हटलं, "१०५० दाखवतंय."

"बास तर." चिठ्ठीचे दोन तुकडे करून टोपलीत टाकले. तिचं काम संपलं होतं. बाकीची अकरा बघितलीसुद्धा नाहीत. "तुम्ही बघितलंत म्हणजे झालं. नात माझी, यळिनी. पहिल्या यंत्रावर तीच बसणार. आत्तापासून भांडतेय बाकीच्यांशी. तिला सांगेन, तुझं यंत्र एका इंजिनिअर बाईने तपासलंय."

चहा आला. मला प्यावासा वाटला नाही.

२१ सप्टेंबर, गुरुवार

मी खोटं बोलले नाही. पडद्यावर होतं ते वाचलं.

हे वाक्य आज कितीदा मनात म्हटलं. खरं असतं तर एकदा पुरलं असतं.

२३ सप्टेंबर, शनिवार

अण्णांना पुन्हा सांगून बघितलं. "निदान आसारींना सांगू या. जुनी आहेत, सहा महिन्यांनी बदलून देऊ, असं खरंखरं. त्यांना पटेल. चांगला माणूस आहे."

"चांगला माणूस आहे म्हणूनच सांगायचं नाही. सांगितलं तर तो सात घरांना काय सांगणार? मुहूर्त मोडणार. पोरांची तोंडं बघणार." अण्णा चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं. थकलेले दिसले. "मलर, हे दुकान मी एका स्टुलावर सुरू केलं. तुझं वय होतं तेव्हा. सगळं खरं बोललो असतो तर अजून स्टुलावरच असतो."

"मग मला कशाला ठेवलंत, अण्णा?"

ते म्हणाले, "हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो." आणि हसले. मीही हसले. या माणसावर रागवता येत नाही, हीच तर पंचाईत.

२५ सप्टेंबर, सोमवार

दुपारी गच्चीवर मीरान भाई आले. मी कठड्याशी उभी होते.

"चहा थंड आवडायला लागला वाटतं तुला."

बघितलं तर ग्लासवर साय धरलेली. म्हटलं, "भाई, तुम्हाला सगळं माहीत आहे."

"मला काही माहीत नाही. माझ्या चार लेकी आहेत. चार लेकींच्या बापाला काही माहीत नसतं."

"मग वर कशाला आलात?"

"हवा खायला." विडी पेटवली. दोन झुरके घेतले. मग सहज विचारावं तसं – "त्या दिवशी ती अड्यारची पोरगी होती ना, घरं काढणारी? तू काय करतेयस ते तिला माहीत होतं?"

"शेजारीच बसली होती. एकेक पायरी सांगितली मी तिला."

"हं." विडी विझवून उरलेली कानामागे ठेवली. "आणि म्हाताऱ्याला?"

उत्तराची वाट न बघता खाली गेले.

तीन आठवडे मी कार्डाकडे बघत बसले. नाव, नंबर, यादी, ताकद. माणसाकडे बघायचं राहूनच गेलं. अण्णांनी विचारलं होतं, काय वेगळं, सांग. आज सांगता येईल. पण आता ते विचारत नाहीत.

२६ सप्टेंबर, मंगळवार

जेवणात लक्ष नाही. हॉस्टेलच्या ताईंनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? घरी ठीक आहे.

२८ सप्टेंबर, गुरुवार

सगळी गल्ली धुऊन निघतेय. उद्या आयुधपूजा. आम्हीही मागच्या खोलीपासून सुरुवात केली. मीरान भाई आपले पाने-पकडी घासूनपुसून मांडताहेत. दरवर्षी पूजेत ते मागे उभे असतात, पण हत्यारं त्यांच्याइतकी कुणाची चकाकत नाहीत. अण्णांनी माझा छोटा स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा ताम्हनात ठेवायला मागितला.

बारा यंत्रं भिंतीशी रांगेत लावली. केळीचे खुंट दोन बाजूंना. सुंदर दिसतं, खरंच. मला तिकडे बघवत नाही म्हणून मी दिवसभर काचा पुसल्या.

आसारी उद्या दुपारी येतात. तिरुवल्लिकेणीच्या एका लॉजमध्ये उतरणार आहेत. अण्णांना फोनवर सांगत होते – "मुलं आत्ताच तयार होऊन बसली आहेत."

२९ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारचा एक. पूजा झाली. आता उद्या सकाळपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. सुतार करवतीला नाही, रिक्षावाला हँडलला नाही, आम्ही कॉम्प्युटरला नाही. गल्लीभर शटर खाली. इतकी शांत रिची स्ट्रीट वर्षातून एकदाच.

प्रत्येक यंत्राला चंदनाचे तीन ठिपके, मध्ये कुंकू. बटणावरसुद्धा. अण्णांनी कापूर फिरवला तेव्हा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. काय मागितलं असेल? सहा महिने लवकर जाऊ देत, असं?

मग चुरमुरे-डाळं वाटलं. कोहळा उद्या फोडायचा, मुहूर्ताच्या आधी. सगळे निघाले तेव्हा अण्णांनी मला थांबवलं. त्यांच्या बायकोने एक साडी पाठवली होती. निळी, बारीक काठाची. "आमच्याकडे मुलगी नाही," अण्णा म्हणाले. "ती म्हणाली, सणाला एक तरी साडी कुणाला तरी द्यावीशी वाटते. उद्या नेस. आसारींसमोर पहिलं यंत्र तूच सुरू करायचंस."

पाया पडले. डोक्यावर हात ठेवला त्यांनी. 

आता खोलीवर आहे. साडी मांडीवर. खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं, दारापासून खिडकीपर्यंत सात. बसवत नाही. उभंही राहवत नाही.

३० सप्टेंबर, शनिवार

सकाळचे आठ. दुकानात आहे. निळी साडी नेसले नाही. घडी करून अण्णांच्या टेबलावर ठेवली आहे.

काल दुपारी दोन वाजता परत आले. दुकान मीच उघडते, त्यामुळे किल्ली माझ्याकडेच असते. पूजेला बसलेल्या यंत्रांना हात लावला. बटण दाबताना कुंकू बोटाला लागलं, ते पुसायला वेळ नव्हता. एकेक यादी उघडली. आम्ही घातलेलं नाव काढलं, कार्डाचं स्वतःचं घातलं. बारावं झालं तेव्हा साडेपाच वाजले होते. मग चालत तिरुवल्लिकेणीला गेले.

खाली अण्णांची स्कूटर लागली आहे. त्यांना सगळं मीच सांगणार, ते पडदा बघायच्या आधी. ते म्हणतील, अजून अडीच तास आहेत, मलर. वीस-वीस मिनिटांचं काम. निदान पहिल्याचं तरी परत कर.

नाही जमणार, अण्णा. आसारींना मी काल संध्याकाळीच सांगितलं. कुणी केलं, ते त्यांनी विचारलं. तेही सांगितलं.